ट्रक कुठे उभा राहणार?

या महिन्याच्या टपालात घरसामानाच्या मोठ्या दुकानांबद्दल चार पत्रं निघाली. टाइल्स, प्लायवूड, रंग, नळ, दारं, ड्रिल मशीन, बागेच्या कुंड्या असं सगळं एका छताखाली विकणारी ही दुकानं. नगररचनाकार म्हणून तीस वर्षं मी असे प्रस्ताव तपासले आहेत. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवून आज या चौघांनाच उत्तरं देते. जागेअभावी पत्रं थोडी कापली आहेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. आमची ६४ फ्लॅट्सची सोसायटी आहे. शेजारच्या मोकळ्या जागेला महिन्यापूर्वी पत्रे लागले. वॉचमन सांगतो, घरसामानाचं तीन मजली दुकान होणार. आमच्या गेटसमोरचा रस्ता तोच त्यांचा रस्ता, आणि शाळेच्या बस तिथेच थांबतात. सोसायटीच्या ग्रुपवर रोज वाद चालू आहेत. कोणी म्हणतं कोर्टात जाऊ, कोणी म्हणतं आता काही होत नाही. परवानगी नेमकं कोण देतं, आणि आम्ही काय करावं?
— सोसायटीच्या सचिव, आंबेगाव बुद्रुक

उत्तर : आज घरी परतताना आधी त्या पत्र्यांवर परवानगीचा फलक आहे का ते बघा. परवानगी मिळाली की मालकाने जागेवर दिसेल असा फलक लावायचा असतो. त्यावर मालकाचं आणि आर्किटेक्टचं नाव, सर्व्हे नंबर, परवानगीचा क्रमांक व तारीख आणि मंजूर नकाशे कुठे बघायला मिळतील तो पत्ता असतो. फलक असेल तर फोटो काढून ठेवा. नसेल तर प्रस्ताव अजून टेबलावर असण्याची शक्यता बरीच आहे, आणि तुमच्यासाठी हीच सगळ्यात कामाची वेळ आहे. ती ग्रुपवर भांडण्यात घालवू नका.

आंबेगाव बुद्रुक ऑक्टोबर २०१७ मध्ये इतर गावांबरोबर पुणे महापालिकेत आलं, त्यामुळे अर्ज महापालिकेच्या बांधकाम विभागाकडे जातो. कायदा १९६६ चा, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम. नियमावली डिसेंबर २०२० पासूनची एकत्रिकृत, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. आर्किटेक्ट नकाशे दाखल करतो, अभियंता स्थळपाहणी करतो, टिपण लिहिलं जातं आणि फाइल वर चढते. मध्ये ती अग्निशमन, पाणीपुरवठा, मलनिःसारण, उद्यान अशा विभागांकडे अभिप्रायासाठी फिरते. तुमची जागा बाह्यवळण महामार्गाच्या सेवा रस्त्याला लागून असेल, तर तिथे गेट काढायला महामार्गवाल्यांचीही वेगळी परवानगी लागते. ती आहे का, हे जरूर विचारा.

तपासणारा माणूस पहिल्यांदा झोन, म्हणजे विकास आराखड्यात त्या जागेला कोणता वापर ठरवला आहे ते बघतो आणि मग रस्ता. रस्ता जितका रुंद तितका एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानाने करता येणारं बांधकाम, जास्त. ९, १२, १५, २४, ३० मीटर अशा त्याच्या पायऱ्या आहेत. म्हणून प्रस्तावात तुमचा रस्ता किती मीटरचा दाखवला आहे ते बघा आणि मग टेप घेऊन जागेवर मोजा. कागदावरचा चोवीस मीटरचा डीपी (विकास आराखड्यातला) रस्ता जागेवर नऊ मीटरचाच निघतो, हे शहराच्या कडेच्या गावांत राहणाऱ्यांना मी वेगळं सांगायला नको. कात्रज-कोंढवा रस्ता ८४ मीटरचा ठरला होता. भूसंपादन होईना म्हणून तो ५० मीटरवर आणावा लागला. इमारती मात्र ठरलेल्या रस्त्याच्या भरवशावर उभ्या राहत जातात.

आता एक गोष्ट सांगते, जी मी आजवर कुठे लिहिली नव्हती. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका लहान गावात माझ्याकडे टाइल्स आणि सॅनिटरी वेअरच्या दुकानाचा प्रस्ताव आला. नकाशा चोख होता. इमारतीभोवती सोडायची सामासिक अंतरं बरोबर, जिना बरोबर, पार्किंगच्या चौकोनांची बेरीज बरोबर. मी स्थळपाहणीला गेले ती सकाळी साडेअकराला, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मालाची लांब गाडी आत कुठे वळणार, हे नकाशावर दाखवलेलं नव्हतं आणि मी विचारलं नाही. दुकान सुरू झालं. गाडी गेटातून वळेना, मग रोज रस्त्याच्या कडेला उभी करून माल उतरवायला लागले. पावसाळ्यात एका संध्याकाळी खांद्यावर टाइल्सची पेटी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या हमालाला टेम्पोचा धक्का लागला. पेटी त्याच्याच पायावर आली. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा चिखलात टाइल्सचे पांढरे तुकडे रुतलेले होते आणि गाडी तिथेच, त्याच जागी उभी होती. त्या माणसाच्या डाव्या पायाची तीन बोटं गेली. मंजुरीच्या टिपणाखाली सही माझी होती. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दुकानाच्या प्रत्येक फाइलवर मी पहिला शेरा एकच लिहिला : ट्रक कुठे उभा राहणार?

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. 'आम्हाला दुकान नको' असा अर्ज करू नका. झोनमध्ये बसणारा वापर शेजाऱ्यांना नको म्हणून नाकारता येत नाही. तुमचा अर्ज दप्तरी दाखल होईल आणि तुम्हाला वाटेल, कोणी ऐकत नाही. त्याऐवजी एका पानात नेमके प्रश्न लिहा. माल उतरवण्याची जागा प्लॉटच्या आत कुठे आहे? बारा मीटर लांबीची गाडी आत शिरून तोंड फिरवून बाहेर पडू शकते, असं नकाशावर आखून दाखवलं आहे का? गिऱ्हाइकांचं गेट आणि मालाचं गेट वेगळं आहे का? रस्त्यापासून तळघराच्या रॅम्पपर्यंत किती गाड्या आत रांगेत थांबू शकतात? रविवारी संध्याकाळी ही रांग बाहेर आली तर तुमचं गेटच बंद होणार.

अर्जासोबत पुरावा जोडा. सलग तीन दिवस सकाळी सात ते साडेआठ दोघांनी गेटवर उभं राहून गाड्या मोजा. दुचाकी, चारचाकी, बस वेगवेगळ्या मोजा. शाळेची बस कुठे थांबते त्याचा वेळेसह फोटो काढा. स्थळपाहणीला येणारा अभियंता सकाळी सातला येत नाही; मीही जात नव्हते. तुमचा हा कागद फाइलला लागला की वरच्या टेबलावर बसलेल्या माणसाला त्यावर काहीतरी लिहावंच लागतं.

पाण्याचंही विचारा. हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. पाच हजार चौरस मीटर मोकळी जमीन फरसबंद झाली आणि त्यावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर अडीच लाख लिटर पाणी उताराकडे निघतं. त्यातलं काही मातीत मुरायचं, ते आता मुरणार नाही. २५ सप्टेंबर २०१९ ची पुराची रात्र दक्षिण पुण्यात कोणी विसरलेलं नाही. ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटला पर्जन्यजल संधारण सक्तीचं आहे. ते नकाशावर कुठे आहे आणि वाहून जाणारं पाणी कोणत्या गटाराला जोडलं आहे, ते लेखी मागा.

अर्ज बांधकाम विभागाला द्या, वाहतूक पोलिसांना प्रत द्या, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. त्याच दिवशी दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात प्रस्तावाच्या नकाशांची आणि सर्व अभिप्रायांची प्रत मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. घाई एवढ्यासाठी करायची की पूर्ण अर्जावर साठ दिवसांत निर्णय कळवला नाही आणि प्रस्ताव नियमात बसत असेल, तर कलम ४५ प्रमाणे परवानगी मानीव धरली जाते, म्हणजे मिळालीच असं समजलं जातं. कोर्टाचा विचार नकाशे हातात आल्यानंतर करा.

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे न्यू जर्सीला होतो. तिच्या घराजवळ असंच मोठं दुकान यायचं होतं. एक दिवस टपालाने नोटीस आली, म्हणून आम्ही गावाच्या प्लॅनिंग बोर्डाच्या सुनावणीला जाऊन बसलो. दुकानाच्या इंजिनिअरला चक्क शपथ दिली. एका म्हाताऱ्या बाईंनी त्याला विचारलं, तुमच्या पार्किंगचे दिवे माझ्या झोपायच्या खोलीत येतील का? त्याने उठून नकाशावर खांबाची जागा दाखवली. आपल्याकडे असं का नाही?
— निवृत्त मुख्याध्यापक, कोथरूड

उत्तर : सर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्या बाईंना जसं उत्तर मिळालं तसं आपल्याकडे मिळावं, ही माझी फार जुनी इच्छा आहे.

न्यू जर्सीचा कायदा असा आहे की प्रस्तावाच्या जागेपासून २०० फुटांच्या आत ज्यांची मालमत्ता आहे त्यांना सुनावणीच्या निदान दहा दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आणि ती अर्जदारानेच द्यायची. तुमच्या मुलीला आली ती हीच. साक्ष शपथेवर होते आणि कोणीही नागरिक प्रश्न विचारू शकतो. मंडळावर बसणारे बहुतेक गावातलेच साधे रहिवासी असतात. पण एक लक्षात घ्या. वापर झोनमध्ये बसणारा असेल, तर आजूबाजूच्या रस्त्यांवर गर्दी वाढेल एवढ्याच कारणावरून तिथलं मंडळही नकार देऊ शकत नाही. गेट कुठे, दिवे कुठे, मालाच्या गाड्या कुठून, झाडांची आडभिंत किती, या गोष्टी मात्र ते बदलून घेऊ शकतं. त्या बाईंनी जे विचारलं ते अगदी हिशेबात बसणारं होतं.

आपल्याकडे जनतेला हरकत घेण्याचा हक्क आहे तो मुख्यतः आराखड्याच्या पातळीवर. विकास आराखडा तयार होताना हरकती मागवतात. नंतर एखाद्या जागेचा झोन किंवा आरक्षण बदलायचं झालं, तर कलम ३७ खाली राजपत्रात आणि वर्तमानपत्रात नोटीस येते आणि एक महिना मिळतो. पुढे त्या आराखड्यावर एकेक इमारत उभी राहते तेव्हा शेजाऱ्याला बोलावण्याची तरतूद नाही. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा १९८७ नंतर थेट जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाला. म्हणजे १९८८ साली जन्मलेल्या पुणेकराला आपल्या गल्लीबद्दल बोलायची पहिली संधी मिळेपर्यंत तो मिशा फुटलेला गृहस्थ झाला होता. आणि ती छोटीशी नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर त्याने वाचली असेल तरच.

पर्यावरण परवानगीचा रस्ता लोक सुचवतात, तोही बघा. सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामाला ती लागते, आणि इमारतींच्या प्रकल्पांना त्यातही जनसुनावणी नाही. अमेरिकेत होम डेपो या घरसामानाच्या साखळीचं सर्वसाधारण दुकान साधारण १,०५,००० चौरस फुटांचं असतं, म्हणजे ९,७५० चौरस मीटर. तळघरातलं पार्किंग धरलं नाही तर तेवढं अवाढव्य दुकानही आपल्याकडे या मर्यादेच्या निम्म्यातच राहतं.

मला विचाराल तर दोन हजार चौरस मीटरच्या वरच्या कोणत्याही दुकानाला अर्ज दाखल होताच जागेवर फलक लावायला सांगावं आणि प्लॉटच्या चारही बाजूंच्या शेजाऱ्यांना पत्र जावं. परवानगीनंतरचा फलक आज आहेच, तो फक्त दोन महिने आधी लागला पाहिजे. याला नवीन कायदा लागत नाही, नियमावलीत एक कलम पुरेल. नोकरीत असताना मी हे लिहून दिलं होतं. आता इथे लिहिते आहे. तुम्ही मुख्याध्यापक होता, तुमच्या शब्दाला वजन आहे. तुम्ही पाहिलेली ती सुनावणी तुमच्या भागाच्या नगरसेवकांना आणि आमदारांना पत्रातून जशीच्या तशी कळवा. त्या बाईंचा प्रश्न आणि त्या खांबासकट कळवा.

प्रश्न : आमचं रविवार पेठेत हार्डवेअरचं दुकान आहे, तिसरी पिढी. मोठी दुकानं आली की आमचं गिऱ्हाईक जाणार हे दिसतंय. आमच्यासारख्या दुकानदारांनी मिळून अर्ज दिला, तर महापालिका अशा दुकानांना परवानगी नाकारू शकते का?
— एक व्यापारी, बोहरी आळी

उत्तर : दादा, खोटा दिलासा देत नाही. या कारणावरून नाकारू शकत नाही. नगररचना कायदा जागेचा वापर बघतो, कोणाचा गल्ला कमी होईल ते बघत नाही. परकीय भांडवलाच्या अटी दिल्लीच्या धोरणात आहेत. सप्टेंबर २०१२ मध्ये अनेक ब्रँड विकणाऱ्या दुकानांत ५१ टक्क्यांपर्यंत परकीय गुंतवणुकीला वाट दिली, तीही राज्याची संमती असेल तर. एकाच ब्रँडच्या दुकानाला १०० टक्के आहे. फर्निचर विकणारी परदेशी आयकिया त्या वाटेने आली : ऑगस्ट २०१८ मध्ये हैदराबाद, डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबई. देशी कंपनीला यातलं काहीच लागू नाही. महापालिकेच्या टेबलावर हे मुद्दे येतच नाहीत.

तुमच्या दुकानाची किंमत मला माहीत आहे. मागच्याच महिन्यात स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला म्हणून वायसर आणायला बोहरी आळीत गेले होते. गल्ल्यावरच्या काकांनी जुना भाग रुमालातून काढायला लावला, अंगठ्याने त्याचे आटे चाचपले आणि म्हणाले, "वायसर बदलून दोन दिवस चालेल. स्पिंडल झिजलंय." पोटमाळ्यावरच्या मुलाला हाक मारली, त्याने वरूनच पुडी टाकली. स्पिंडल मिळालं, वायसर मिळाला, आणि ते बसवणाऱ्या प्लंबरचा नंबर पावतीच्या मागे लिहून मिळाला. हे काम पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या चकचकीत पाकिटातून होत नाही.

पण गिऱ्हाईक तुमच्याकडे पोचलं पाहिजे ना! मला परत येताना गाडी लावलेल्या ठिकाणापर्यंत पंधरा मिनिटं चालावं लागलं. म्हणून तुमच्या अर्जाचं तोंड दुसरीकडे वळवा. पेठेसाठी मागा : माल उतरवायच्या ठरावीक वेळा, हातगाडी आणि टेम्पोसाठी आखलेली जागा, मंडईच्या वाहनतळापासून चालायला मोकळी पायवाट. आणि अग्निशमनाचा बंब आत शिरेल अशी गल्ली. मे २०२३ मध्ये भवानी पेठेत टिंबर मार्केटला लागलेली आग तुम्ही जवळून पाहिली असेल. तुमच्या पोटमाळ्यावर थिनर आणि दोरखंड शेजारीशेजारी असतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. हा अर्ज तुम्ही सगळ्यांनी मिळून दिला तर त्याला नाही म्हणायला कोणाकडे कारण नाही. मोठ्या दुकानाकडून त्याच्या आवारात जे करून घ्यायचं तेच पेठेला आपल्या गल्लीत मिळालं, तर तुमची तिसरी पिढी चौथीला गल्ला देईल असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : मी अशाच एका मोठ्या दुकानात साठा विभागात काम करतो. आमच्या मागच्या दाराला चोरीच्या भीतीने कुलूप असतं. किल्ली मॅनेजरकडे. रंगांचे डबे जिन्याखाली रचलेत. दोघं-तिघं रात्री आतच झोपतात. बोललो तर नोकरी जाईल. नाव छापू नये.
— एक कामगार

उत्तर : भाऊ, तुझं नाव आणि ठिकाण दोन्ही छापलेलं नाही. पत्र मिळाल्यापासून मला मे २०१९ ची उरुळी देवाचीची पहाट आठवते आहे. कापडाच्या दुकानाला आग लागली, दाराला बाहेरून कुलूप होतं आणि आत झोपलेले पाच कामगार गेले. तुम्ही दोघं-तिघं आत झोपता, हे आजच्या रात्रीपासून बंद करा. नोकरीचं नंतर बघू.

नियम सरळ आहे. बाहेर पडायचं दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. चोरीची भीती असेल तर दांडी ढकलून उघडणारं आणि उघडताच घंटा वाजवणारं दार मिळतं, आणि गंमत म्हणजे तुमच्याच दुकानात ते विकायलाही असेल. जिन्याखाली काहीही रचायचं नाही, रंग आणि थिनर तर नाहीच. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंध कायद्याप्रमाणे मालकाने दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून आग विझवण्याची यंत्रणा तपासून घेऊन ती चालू असल्याचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, अग्निशमन विभागाकडे द्यायचा असतो.

तुला पुढे यायची गरज नाही. दुकानाचं नाव, पत्ता आणि असला तर मागच्या दाराचा फोटो मला मासिकाच्या पत्त्यावर पाठव. गेल्या जानेवारीचा आणि जुलैचा फॉर्म बी दिला आहे का, असा माहिती अधिकाराचा अर्ज मी माझ्या नावाने करते आणि दाराची तक्रारही माझ्याच नावाने जाईल. दरम्यान दिवसपाळीला दाराशेजारी किल्ली काचेच्या डबीत टांगून ठेवायला मॅनेजरला सांग. 'विमावाले विचारत होते' असं म्हणालास तर तो लगेच ऐकेल. पत्राची वाट बघते.